निदर्शनास आणून द्यावे

सूचनाफलकाच्या काचेची किल्ली मामांच्या स्टुलामागच्या खिळ्याला अडकवलेली असायची. शेजारी दूध संघाचं कॅलेंडर, आणि त्याच्यावर पेन्सिलीनं मांडलेले घरच्या दुधाचे खाडे. शिवाजी विद्यापीठात एम.ए.ला असताना ‘कमवा आणि शिका’ योजनेतून मला जे काम मिळालं, ते या किल्लीपासून सुरू व्हायचं. बरोबरची पोरं कुणी ग्रंथालयात पुस्तकं लावायला, कुणी बागेत. मला एका अधिविभागाच्या कार्यालयात पाठवलं. (विद्यापीठात डिपार्टमेंटला कागदोपत्री अधिविभाग म्हणतात. बोलताना कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.) आलेलं टपाल आवक वहीत चढवायचं, झेरॉक्स आणायच्या आणि परिपत्रकं फलकावर लावायची, एवढंच काम.

मामा म्हणजे तिथले शिपाई. प्राध्यापकांपासून पोरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. पहिल्याच दिवशी मी एका व्याख्यानाची सूचना चार कोपऱ्यांना चार टाचण्या लावून ऐटीत डकवली. मामा उठले आणि त्यातल्या दोन काढून घेतल्या.

“परीक्षेला चार, कार्यक्रमाला दोन,” ते म्हणाले. “कार्यक्रम चार दिवसांत उतरतोय. टाचण्या काय झाडाला लागत्यात व्हय?”

फलकाला हिरवं कापड होतं, उन्हानं मधोमध पिवळट पडलेलं. घाईत ओढून काढलेल्या कागदांचे कोपरे टाचण्यांखाली तसेच राहायचे. एका टाचणीखालून मी एकदा अकरा कोपरे काढले. जागा ठरलेल्या होत्या. परीक्षेचं वेळापत्रक डोळ्यांच्या उंचीला, मधोमध. त्याच्या डावीकडे शिष्यवृत्ती आणि परीक्षा अर्जाच्या तारखा. व्याख्यानं, कार्यशाळा, स्पर्धा उजवीकडे, आणि जागा संपली की खाली. “तळाला लावू नको, वाकून कोण बघतंय?” असं मामाच म्हणायचे, पण नोव्हेंबर आला की तळाशिवाय इलाज नसायचा.

फलकावरून महिना ओळखता येई. 26 जूनच्या आसपास शाहू जयंती. पाऊस ओसरायला लागला की युवा महोत्सव. 24 सप्टेंबरला राष्ट्रीय सेवा योजनेचा दिवस. जानेवारीत मराठी भाषा संवर्धनाचा पंधरवडा, फेब्रुवारीच्या 27 तारखेला मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन, म्हणजे एकाच आठवड्यात दोन समित्या आणि खुर्च्यांची ओढाओढ. दीक्षांत समारंभ जवळ आला की ग्रंथ महोत्सवाचा आणि ग्रंथदिंडीचा कागद. वर्धापनदिनाची सूचना तर दरवर्षी शब्दाला शब्द तीच. 18 नोव्हेंबर 1962 ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते विद्यापीठाचं उद्घाटन झालं. तेव्हापासून त्या सूचनेत कितवा हा आकडा तेवढा पुढे सरकत असावा.

आता त्या कागदाकडे जरा जवळून बघू. वर जावक क्रमांक, तिरक्या रेघांनी तोडलेला. त्याच्यासमोर दिनांक. मग ‘प्रति’, त्याखाली सर्व अधिविभागप्रमुख, सर्व संलग्नित महाविद्यालयांचे प्राचार्य. मग विषय, मग संदर्भ, आणि संदर्भात आणखी एका पत्राचा जावक क्रमांक. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’ इथून वाक्य सुटतं ते चार ओळी थांबत नाही. कार्यक्रम कुठे, किती वाजता, हे तिसऱ्या परिच्छेदात सापडतं. आणि सगळ्यात शेवटी, सहीच्या वर: ‘सदरची बाब सर्व विद्यार्थ्यांच्या निदर्शनास आणून द्यावी.’

या शेवटच्या ओळीवर माझं फार दिवस लक्ष होतं. कागद मुख्य इमारतीतून निघायचा. एका लिपिकानं मसुदा केलेला, अधीक्षकांनी एक शब्द बदललेला, वर सही झालेली. तो आमच्याकडे आला की अधिविभागप्रमुख कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायचे, ‘फलकावर लावणे’, खाली आद्याक्षरं. लिपिक तो मामांकडे द्यायचे, मामा माझ्याकडे. निदर्शनास आणण्याची जबाबदारी अशी पायरी पायरी उतरत टाचणीपर्यंत यायची. मी टाचणी टोचली की सगळ्यांचं काम झालं. लिपिकांच्या वहीत ‘लावले’ अशी नोंद व्हायची.

विद्यार्थ्यांच्या खरोखर निदर्शनास काय आलं, ते मला शनिवारी कळायचं. शनिवारी काच पुसायची असे. आधी ओला कागद, मग कोरडा, दोन्ही जुन्या वर्तमानपत्रांचे. पोरं सूचना बोटानं वाचतात. आपला बैठक क्रमांक शोधताना, तारखेखालून बोट नेताना, मित्राला दाखवताना काचेवर ठसे उमटतात. त्यात पावसाळ्यात ओले हात, आणि कॅन्टीनमधून कटवडा खाऊन आलेले तेलकट हात. वेळापत्रकापुढची काच आरपार दिसायची नाही. शिष्यवृत्तीच्या कागदापुढे ‘अंतिम दिनांक’ या दोन शब्दांवर अंगठ्याएवढा डाग. आणि व्याख्यानांपुढची काच लख्ख, आदल्या शनिवारी पुसून गेलो होतो तशीच.

अपवाद एकच, युवा महोत्सव. तो कागद लागला की ठशांचा नकाशाच व्हायचा. आधी जिल्ह्याचा, मग मध्यवर्ती, आणि तिथून निवड झालेली पोरं विद्यापीठाच्या संघातून पुढे पश्चिम विभागाला जाणार. त्यामुळे त्या कागदावरचा प्रत्येक आकडा महत्त्वाचा. मूकनाट्य सहाजण, 5 मिनिटं. लघुनाटिकाही सहाजण, 10 मिनिटं. एकांकिका 30 मिनिटं. पोरं फलकापुढेच हिशेब मांडायची. “सहात तू बसत नाहीस, तू संगीताला,” असं म्हणत एकाला तिथल्या तिथे काढून टाकलेलं मी पाहिलंय, आणि काढलेला तो पोरगा संध्याकाळपर्यंत जिन्यात बसून होता. तालमी रात्री चालायच्या. इमारतीच्या मागे कुणी ढोलकी घेऊन बसलं की पलीकडच्या झाडीतून मोर ओरडायचे. 853 एकरांच्या आवारात मोर पुष्कळ, आणि त्यांना तालाचं वावडं असावं.

बाकी कार्यक्रमांचं काय? काच लख्ख असूनही काही व्याख्यानांना सभागृह भरायचं. मला कोडं पडायचं. एकदा मामांच्या मागे मागे फिरलो तेव्हा उलगडा झाला. दुपारी दोनच्या सुमारास ते हजेरीपट घेऊन वर्गांवरून जायचे. दारात थांबायचे. सर आत असले तर खुणेनं विचारायचे, मग म्हणायचे, “आज साडेतीनला खालच्या हॉलात. चांगला बोलणारा माणूस हाय. मागल्या बाकावरच्यांनी पुढं बसायचं. च्या बी हाय.” तेवढंच. जावक क्रमांक नाही, संदर्भ नाही. कोण बोलणारा चांगला, हे मामांना कसं कळायचं, तर त्यांनी तीस वर्षं सभागृहाच्या दाराशी उभं राहून सगळी व्याख्यानं ऐकली होती. ज्याच्याबद्दल ते गप्प राहायचे, त्याच्या व्याख्यानाला आम्ही सतरंजीची गुंडाळी सोडायची की नाही याचा विचार करायचो.

माझ्या हातून एक घोळ झाला तो इथे सांगायलाच हवा. जिन्याखाली एक काळा फळा होता. महत्त्वाची सूचना खडूनं तिथेही लिहायची. एका परिपत्रकात नुसती तारीख होती. मला वाटलं, वारही असावा. मी मनानंच ‘बुधवार’ लिहिलं. ती तारीख गुरुवारी येत होती. झालं असं की निम्मी पोरं बुधवारी येऊन कुलूप बघून गेली, आणि गुरुवारी पाहुणे आले तेव्हा समोर अकराजण. अधिविभागप्रमुख मला काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. मामा संध्याकाळी म्हणाले, “तारीख सायबाची, वार पोरांचा. पोरगं वारावर येतंय. बाजार कवा, तालीम कवा, घरला जायचं कवा, समदं वारावर. तवा वार चुकवायचा न्हाई.” त्या दिवसापासून मी वार लिहायच्या आधी कॅलेंडर बघतो. लग्नपत्रिका आली तरी पडताळून बघतो.

वेळेचंही तसंच. पाहुणे पुण्याहून येणार, जेवण होणार, आवार दाखवून होणार, म्हणून कार्यक्रम दुपारी चारला ठेवायचे. चारचा सुरू व्हायचा साडेचारला. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, परिचय. मुख्य वक्ते उभे राहायचे सव्वापाचला, आणि साडेपाचला मागच्या दोन रांगा उठायच्या. वक्त्याला वाटायचं, आपलं बोलणं रटाळ झालं. तसं काही नसायचं. राधानगरीकडची, पन्हाळ्याकडची, शिरोळची पोरं पास काढून रोज येऊन-जाऊन शिकणारी. विद्यापीठातून केएमटी धरायची, मध्यवर्ती बसस्थानक गाठायचं, तिथून गावची एसटी. ती चुकली तर मग थेट मुक्कामाची गाडी, आणि आडवाटेला उतरून अंधारात चालणं. मुलींना तर घरून ताकीदच असे. माझ्या वर्गातली एक मुलगी वादविवादात पहिली यायच्या तोडीची होती. दोन वर्षांत ती एकदाही अंतिम फेरीला थांबली नाही, कारण अंतिम फेरी नेहमी संध्याकाळी. हे कुठल्याही परिपत्रकाच्या निदर्शनास आलं नाही.

कोल्हापूरला सूचना वाचायचा कंटाळा आहे, असं मात्र कुणी म्हणू नये. या गावात तालमींच्या दाराशी फळे असतात. फुटबॉलचा हंगाम आला की सामना कुणाचा, किती वाजता, हे खडूच्या ठळक अक्षरात, वळणदार, आणि वाचायला चौकात माणूस थांबतो. बाबूराव पेंटरांनी आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकं स्वतः रंगवली ती याच गावात. आणि पावसाळ्यात तर अख्खं गाव एकच सूचना वाचतं: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी. इशारा 39 फूट, धोका 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 55 फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, आणि परीक्षा पुढे गेल्याचं परिपत्रक निघायच्या आधीच पोरांना ते कळून चुकलं होतं. पाण्याच्या पातळीच्या त्या सूचनेत ‘उपरोक्त’ नसतं. किती फूट, किती वाजता, कुठला रस्ता बंद. वाचणाऱ्याला आपण घरी पोचणार की नाही, ते लगेच कळतं.

जुने लिपिक सांगायचे, 2004 पर्यंत सोलापूर जिल्हाही आपल्याकडे होता, तेव्हा पाकिटांचे गठ्ठे बांधायला दोन माणसं लागत. डिंकानं बोटं चिकटून बसत. लांबच्या कॉलेजात पाकीट पोचेपर्यंत कधी कधी स्पर्धाच उरकलेली असे. ईमेल आला आणि तो त्रास संपला. कोल्हापूर, सांगली, सातारा, तिन्ही जिल्ह्यांत एकाच क्षणी पत्र पोचतं.

गेल्या हिवाळ्यात दाखला काढायला गेलो होतो, तेव्हा सहज आमच्या इमारतीत डोकावलो. मामा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. खिळा आहे, कॅलेंडर नाही. फलकही तोच, कापड नवं. सूचनेवर आता चौकोनी कोड छापतात, मोबाइल धरला की अर्ज उघडतो. मी तिथे अर्धा तास उभा होतो. तेवढ्यात नऊजण आले. सातांनी दोन पावलं लांबूनच फोटो काढला आणि वाचायला न थांबता गेले. एकीनं पुढे होऊन काचेवर बोट ठेवलं, मला फार बरं वाटलं. ती काचेत बघून केस सारखे करत होती. नववा तिथला नवा शिपाई, तरुण पोरगा. सूचना लावून, तिचा फोटो काढून तो गटावर टाकत होता. मी विचारलं, वाचतात का पोरं? “निळ्या टिका दिसत्यात,” तो म्हणाला. “पन मी तरी कुठं समदं वाचतोय?”

मग दोन वाजता त्यानं हजेरीपट उचलला आणि वर्गांकडे निघाला. मी विचारलं, आता कशाला? तो म्हणाला, “मामांनी सांगून ठेवलंय.”

काचेवरचा कागद मी वाचला. कार्यशाळा होती, विषय चांगला होता. जावक क्रमांक, संदर्भ, उपरोक्त, सगळं जागच्या जागी. वेळ दुपारी चार.

परिपत्रकं काढणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर एकच विनंती आहे. उपरोक्त राहू द्या, संदर्भ राहू द्या, त्याशिवाय कागद पुढे सरकत नाही हे मला माहीत आहे. फक्त तारखेपुढे वार लिहा, आणि कार्यक्रम सुरू किती वाजता होणार याच्या खाली संपणार किती वाजता, तेही लिहा. आणि लिहिलंत, तर त्या वेळेला संपवा. पोरांना गाडी धरायची असते.