७८ लाखांची बातमी आणि दोन लाखांची रांग

ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच आकडा छापून आला: ७८ लाख. भारताचा तेव्हाचा कर्णधार हरमनप्रीत सिंग याला सूरमा हॉकी क्लबने एवढी बोली लावून घेतलं. अभिषेक ७२ लाखांना बंगाल टायगर्सकडे गेला, हार्दिक सिंग ७० लाखांना यूपी रुद्राजकडे. सात वर्षं बंद पडलेली लीग पुन्हा सुरू होत होती, तेव्हा मोठ्या आकड्यांचं कौतुक होणारच. पण बोली लावणाऱ्यांचा खरा कस लागला तो नंतर. मोठी नावं संपली, टीव्हीसमोरची माणसं उठून गेली आणि पर्समध्ये थोडेच पैसे उरले, त्या वेळी.

बेळगाव-निपाणी पट्ट्यात हॉकीची काठी धरणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हा उरलेला भागच नीट समजून घ्यायला हवा. आपल्या पोरांचा संबंध आला तर तो तिथेच येणार आहे.

पर्सचं गणित

पुरुषांच्या प्रत्येक संघाच्या खर्चाला, म्हणजे पर्सला, त्या लिलावात चार कोटी रुपयांची मर्यादा होती आणि २४ खेळाडू घ्यायचे होते. त्यांतले किमान १६ भारतीय (त्या १६ मध्येही चार ज्युनिअर सक्तीचे) आणि आठ परदेशी. मूळ किमतीच्या पायऱ्या तीन: दहा लाख, पाच लाख आणि दोन लाख.

चार कोटी भागिले चोवीस म्हणजे माणशी साधारण पावणेसतरा लाख. हरमनप्रीतवर ७८ लाख गेले की उरलेल्या २३ जणांसाठी ३ कोटी २२ लाख राहतात, म्हणजे सरासरी १४ लाख. त्यात आणखी तिघांवर पन्नास-पन्नास लाख लावले, तर वीस जागांसाठी हातात १ कोटी ७२ लाख. सरासरी आली साडेआठ लाखांच्या आसपास. म्हणजे चौथं मोठं नाव घेतलं की बाकीचा संघ पाच लाख आणि दोन लाखांच्या रांगेतूनच भरायचा. ही रांग ज्याने आधीच पाहून ठेवलेली असते, त्यालाच मोठ्या बोलीची चैन परवडते. ज्याने पाहिलेली नसते, तो शेवटच्या तासात नाव ऐकून हात वर करतो.

बंगाल टायगर्सचा संघ यासाठी पाहण्यासारखा आहे. अभिषेकवर ७२ आणि ड्रॅगफ्लिकर जुगराज सिंगवर ४८, असे १ कोटी २० लाख त्यांनी दोघांवर लावले. एकूण पर्सच्या तीस टक्के. उरलेल्या २२ जागा २ कोटी ८० लाखांत बसवल्या. १ फेब्रुवारी २०२५ ला राउरकेलात त्यांनी हैदराबाद तूफान्सला ४-३ हरवून विजेतेपद घेतलं. जुगराजने त्या सामन्यात हॅट्ट्रिक केली आणि विजयी गोल न्यूझीलंडच्या सॅम लेनने मारला. हैदराबादनेही ६८ लाख मोजून गोन्झालो पेइयाट हा अर्जेंटिनात जन्मलेला आणि तेव्हा जर्मनीकडून खेळणारा ड्रॅगफ्लिकर घेतला होता.

यातून बाजारभावाचा पहिला नियम कळतो: पेनल्टी कॉर्नर गोलात बदलणारा माणूस महाग असतो. हॉकीत अदलाबदलीवर बंधन नाही, कितीही वेळा खेळाडू आत-बाहेर करता येतात. त्यामुळे मधल्या फळीतला एक कमी पडला तर दुसरा झाकून नेतो. ड्रॅगफ्लिक मारणारा आणि गोलरक्षक यांच्या जागी मात्र ऐनवेळी कुणालाही उभं करता येत नाही.

मोकळा खेळाडू म्हणजे कोण?

अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीत, म्हणजे एनएचएलमध्ये, खेळाडूंनी संघ बदलण्याची उलाढाल १ जुलैला सुरू होते. तिथे साधारणपणे सात हंगाम खेळून झाले किंवा वयाची २७ वर्षं भरली, की करार संपताच खेळाडू पूर्ण मोकळा होतो आणि कोणत्याही संघाशी बोलणी करू शकतो. त्याआधी करार संपला तरी जुन्या संघाचा त्याच्यावर हक्क उरतो. संघांनाही पगाराची कमाल मर्यादा असते. २०२५-२६ साठी ती साडेनऊ कोटी डॉलरच्या थोडी वर होती. त्यामुळे तिथला व्यवस्थापक उन्हाळाभर एकच विचार करत असतो: वय झालेल्या नामवंताला लांबचा करार द्यावा, की तोच पैसा तीन तरुणांत वाटावा?

आपल्याकडे हॉकीपटू असा कधी मोकळा नव्हताच, कारण त्याचा करार नोकरीशी असायचा. रेल्वे, सेनादल, पोलीस, तेल कंपन्या, बँका आणि एअर इंडिया हेच खरे संघमालक होते. खडकीचा धनराज पिल्ले मुंबईत आला, महिंद्राकडून खेळला आणि पुढे इंडियन एअरलाइन्समध्ये गेला. त्या काळातली बोली हीच होती. पगार, क्वार्टर्स, बढती आणि निवृत्तीनंतरचं पेन्शन. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जायचं तर एनओसी लागायची आणि ती साहेबाच्या टेबलावर महिनोन् महिने पडून राहायची.

बेळगावची जुनी भरती

या पद्धतीचा मोठा दाखला बेळगावात कॅम्पाच्या बाजूलाच आहे. मराठा लाईट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून इथे आहे. याच रेजिमेंटचा शंकर लक्ष्मण १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिम्पिकमध्ये भारताचा गोलरक्षक होता. दोन सुवर्ण, एक रौप्य. मूळचा महूचा हा मुलगा १९४७ मध्ये फौजेत भरती झाला तो बँडवाला म्हणून. फौजेला त्याच्यातला गोलरक्षक नंतर सापडला. १९६६ च्या आशियाई स्पर्धेत त्याने भारताचं नेतृत्व केलं, सुवर्ण आणलं आणि १९७९ मध्ये कॅप्टन म्हणून तो निवृत्त झाला. टोकियोत १९६४ च्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला १-० हरवणाऱ्या त्या पथकात बेळगावचे बंडू पाटीलही होते.

एका बँडवाल्यातून तीन ऑलिम्पिकचा गोलरक्षक घडवायला वेळ लागतो आणि तो वेळ फौजेकडे होता, कारण तिने माणूस उभ्या आयुष्यासाठी घेतला होता. लीगचा संघ काही आठवड्यांसाठी माणूस घेतो. तो तयार माल विकत घेणार, घडवणार नाही. सरावाला त्याच्याकडे फार तर थोडे दिवस असतात.

लीगचा भरवसाही बेताचाच. प्रीमियर हॉकी लीग २००५ ते २००८ चालली. वर्ल्ड सीरीज हॉकी २०१२ मध्ये एकदाच झाली. तिच्या अंतिम सामन्यात पुणे स्ट्रायकर्स हरले आणि तो संघ पुन्हा मैदानात दिसला नाही. हॉकी इंडिया लीग २०१३ ते २०१७ चालून थांबली ती २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. २०१७ मध्ये विशीत असलेला खेळाडू केवळ लीगच्या आशेवर राहिला असता, तर त्याची उमेदीची वर्षं हातची गेली असती. ज्याच्या खिशात रेल्वेचा पास होता, तो टिकला.

निपाणीहून कोणत्या बाजूला?

निपाणीच्या मुलासाठी कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर आहे, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. कोल्हापुरात मेजर ध्यानचंद यांच्या नावाचं हॉकी स्टेडियम आहे, स्पर्धांची सवय आहे. पण निपाणी कर्नाटकात, त्यामुळे राज्य संघाचा रस्ता बेंगळुरूकडे जातो आणि तिथे गाठ पडते कोडगूशी. त्या जिल्ह्यात १९९७ पासून कोडवा घराण्यांची हॉकी स्पर्धा भरते. घरातली म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं एकाच संघात उतरतात. निवड चाचणीत सीमाभागातला मुलगा उभा राहतो तो या पुरवठ्यासमोर.

शिवाय मैदानाचा फरक. मुरमाच्या मैदानावर चेंडू उसळतो, म्हणून मुलगा थोडा उभा राहून, काठी जरा वर धरून तो अडवायला शिकतो. पाणी मारलेल्या टर्फवर तोच चेंडू जमिनीला चिकटून सरकत येतो; तिथे गुडघे वाकवून काठी आडवी टेकवावी लागते. चाचणीच्या पहिल्या पाच मिनिटांत चेंडू दोनदा काठीखालून निसटला, की निवड समितीची पेन्सिल पुढच्या नावावर जाते. मुलाची गुणवत्ता कमी असते असं नाही. त्याला टर्फवर उभं राहायला मिळालेलं नसतं.

मुलींचं गणित आणखी तंग आहे. महिलांची लीग २०२५ मध्ये पहिल्यांदा झाली, पर्स दोन कोटींची आणि सुरुवातीला संघ चारच. सर्वांत मोठी बोली उदिता दुहानवर, ३२ लाखांची.

मग पालकांनी काय पाहावं?

सगळ्यात आधी नोकरी आणि वसतिगृह. क्रीडा वसतिगृहांच्या चाचण्यांना वयाची अट असते. दहावी होऊ दे मग बघू, असं म्हणणाऱ्या घरातला मुलगा बऱ्याचदा वेळ निघून गेल्यावर पोहोचतो. सेनादल, रेल्वे आणि पोलिसांची खेळाडू भरती हाच अजूनही आयुष्यभराचा करार आहे.

त्यानंतर जागा. दहा पोरांपैकी आठांना फॉरवर्ड व्हायचं असतं. गोलरक्षकाचं पॅड आणि हेल्मेट महाग, म्हणून क्लबकडे एकच जुना संच आणि तो घालायला कुणी तयार नाही. बाजार मात्र नेमका तिथे रिकामा आहे. क्लबांनी वर्गणी काढून आधी गोलरक्षकाचा चांगला संच घ्यावा, नव्या जर्सी नंतर.

लीग शेवटी, पण तिच्याकडे पाठ फिरवून नव्हे. २०२४ च्या लिलावात आठ संघ, प्रत्येकी चार ज्युनिअर, म्हणजे बत्तीस जागा अशा होत्या जिथे नावाला किंमत नव्हती आणि दोन लाखांपासून सुरुवात होत होती. अशा जागांत यायचं तर राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेत कुणीतरी वहीत नोंद केलेली असावी लागते. तिथवर पोहोचायला बेळगावच्या मुलाला लिलावाची नव्हे, आठवड्यातून दोन दिवस टर्फची गरज आहे. आणि ही मागणी दिल्लीकडे करायची नाही, आपल्या महापालिकेकडे, नगरपालिकेकडे आणि आमदारांकडे करायची आहे.