श्रीरामपूरची सनद आणि सेवेंत असलेल्या धर्मोपदेशकांचें अध्ययन

श्रीरामपूर म्हणतांच आपल्याकडील वाचकांस अहिल्यानगर जिल्ह्यांतील गांव आठवेल. प्रस्तुत लेखाचा विषय बंगालमध्यें हुगळी नदीच्या तीरीं असलेलें श्रीरामपूर हा आहे. मराठीच्या अभ्यासकांस तेंही अपरिचित नसावें. विल्यम कॅरी ह्यानें वैजनाथ शर्मा ह्या पंडिताच्या साह्यानें रचलेलें मराठी व्याकरण १८०५ सालीं व कोश १८१० सालीं तेथेंच छापून निघाला. भारतांतील प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्या पुष्कळशा पदव्यांस ह्याच गांवच्या एका जुन्या सनदेचा आधार आहे.

कॅरी, मार्शमन व वॉर्ड ह्या तिघांनीं तेथें १८१८ सालीं विद्यालय स्थापिलें. गांव त्या काळीं डेन्मार्कच्या ताब्यांत होतें. सबब मार्शमन कोपनहेगनला गेला, आणि सहावा फ्रेडरिक राजा ह्यानें २३ फेब्रुवारी १८२७ रोजीं पदव्या देण्याची सनद करून दिली. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठें निघावयास अद्यापि तीस वर्षें होतीं! १८४५ सालीं डेन्मार्कनें हें गांव इंग्रजांस विकलें, तरी विद्यालयाचे हक्क तहांत राखून ठेविले होते. परंतु हक्क राहिला तरी वापर झाला नाहीं. सरकारी विद्यापीठें धर्माच्या बाबतींत तटस्थ असल्यामुळें तेथें ख्रिस्ती धर्मशास्त्राची पदवी नव्हती, आणि जेथें ती देतां आली असती तेथील सनद ऐंशींहून अधिक वर्षें पेटींतच पडून राहिली. १९१० सालीं तिच्या आधारें धर्मशास्त्राचे वर्ग सुरू झाले. १९१५ सालीं पहिले बी. डी. पदवीधर बाहेर पडले. आणि १९१८ सालीं बंगालच्या कायदेमंडळानें कायदा करून निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या प्रतिनिधींची 'सेनेट' निर्माण केली. एका विद्यालयाचा अधिकार तेव्हांपासून इतर धर्मविद्यालयांसही उपयोगीं पडूं लागला.

तथापि पदवीची सोय झाली म्हणजे विद्यार्थी मोकळा झाला असें नव्हे. पाळकाच्या माथीं रविवारचें प्रवचन, बाप्तिस्मे, लग्नें, अंत्यविधि आणि मंडळींतील तंटे असतात. कित्येकदां चार-पांच गांवें एकट्यानें सांभाळावीं लागतात. त्यानें दोन-तीन वर्षें वसतिगृहांत जाऊन राहावें तर मागें मंडळी कोणीं पाहावी? सेनेटनें बहिःस्थ परीक्षार्थींस वाट करून दिली ती ह्या अडचणीमुळें. आमच्या संस्कृताच्या क्षेत्रांत ही रीत नवी नाहीं. शाळेची नोकरी सांभाळून कलकत्त्याची 'काव्यतीर्थ' परीक्षा दिलेले शिक्षक महाराष्ट्रांत पुष्कळ होऊन गेले. परंतु त्या रीतीचा दोषही आम्हांस ठाऊक आहे. एकट्यानें ग्रंथ वाचतां येतो. पूर्वपक्ष मांडणारा सहाध्यायी मात्र घरीं मिळत नाहीं, आणि त्यावांचून शास्त्र पचत नाहीं.

ह्या दृष्टीनें अलीकडील 'डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री' ही पदवी विचारांत घेण्यासारखी आहे. बी. डी. होऊन कांहीं वर्षें सेवा केलेल्यांसाठीं ती असून, प्रबंधाचा विषय उमेदवारानें स्वतःच्या कार्यांतून घ्यावयाचा असतो. गांवांतील तरुण शहरांत गेल्यावर मंडळीशीं त्यांचा संबंध कां तुटतो, हा प्रश्न ज्याला रोज भेडसावतो तोच त्यावर लिहितो. येथें पूर्वपक्ष मंडळीच मांडते. नवशिक्या विद्यार्थ्याला हा लाभ वसतिगृहांत राहूनही होत नाहीं.

एक उणीव मात्र मला खटकते. मूळ संस्थापकांच्या योजनेंत संस्कृत व देशी भाषा ह्यांना मानाचें स्थान होतें. आज बी. डी. व त्यापुढील अध्यापन बहुशः इंग्रजींत होतें. मराठी मंडळीचा पाळक शनिवारीं रात्रीं ईश्वराच्या प्रसादाविषयीं इंग्रजींत प्रकरण लिहितो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं व्यासपीठावर उभें राहिल्यावर त्यास 'कृपा' म्हणावें कीं 'अनुग्रह', हें त्याचें त्यालाच ठरवावें लागतें.