परसातला हौद, थंडी आणि जुना कूलर



थंडी पडली की उसात साखर भरते, म्हणून आपण खूश असतो. पण हीच थंडी परसातल्या हौदात ठेवलेल्या मत्स्यबोटुकलीच्या मुळावर येते. आपला सिल्लोड तालुका अजिंठ्याच्या डोंगररांगेतला. इथली पहाटेची थंडी सांगायला नको. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तेव्हापासून तळ्यात मासे सोडण्याचा विचार पुष्कळ जण करू लागले आहेत.

रोहू, कटला, मृगळ यांना २५ ते ३० अंश पाणी मानवते. २० अंशांखाली मासा चारा कमी करतो. तरीही आपण नेहमीइतकी पेंड टाकत राहिलो तर ती तळाशी कुजते, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि सकाळी मासे पालथे दिसतात. म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा : चारा कमी करा, आणि तोही दुपारी उन्हात द्या.

आता पाणी तापवायचे तर आधी हिशेब करा. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी उष्णता लागते, आणि विजेच्या एका युनिटात अशा ८६० असतात. १० लाख लिटरचे शेततळे नुसते १ अंशाने तापवायचे म्हटले तरी सुमारे ११६० युनिट लागतील. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या घराला एवढी वीज जवळजवळ वर्षभर पुरते! तेव्हा शेततळ्याचा नाद सोडा. हजार लिटरच्या हौदाचे मात्र जमते.

उन्हाळ्यातला कूलर हिवाळ्यात अडगळीत पडलेला असतो. त्याचा छोटा पंप काढा. ठिबकची जुनी काळी नळी, पण ड्रिपर नसलेली, घ्या. ५०-५० मीटरच्या दोन गुंडाळ्या चकलीसारख्या जमिनीवर उन्हात पसरा. हा पंप पाणी फार उंच चढवत नाही, म्हणून गुंडाळी गच्चीवर नको. ऊन असेपर्यंतच पंप चालवा. रात्री चालू राहिला तर तीच नळी पाणी गार करील. चांगले ऊन असेल तर दिवसाकाठी दोनेक अंश पदरात पडतात.

मिळवलेली ऊब राखणे त्याहून महत्त्वाचे. १ लिटर पाण्याची वाफ होताना जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. म्हणून सायंकाळी हौदावर जुने बारदान किंवा ताडपत्री टाका, एक कोपरा हवेसाठी उघडा ठेवा आणि सकाळी झाकण काढा.

विहिरीचे पाणी पहाटे कोमट लागते, त्याचाही उपयोग करा. हौदात १८ अंशांचे पाणी असेल, तर २०० लिटर काढून २५ अंशांचे तेवढेच विहिरीचे घातल्यास दीडेक अंश वाढ मिळते. मात्र ते उंचावरून धार धरून सोडा, म्हणजे हवा मिसळते. काढलेले पाणी उसाला द्या.

दोन गोष्टी मुळीच करू नका. तांब्याच्या बंबातले पाणी हौदात ओतू नका, कारण तांब्याचा अंश माशाला घातक असतो. आणि बादलीतली पाणी तापवायची कॉइल हौदात सोडू नका. पंपाचा प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका आणि जोडणीवर ईएलसीबी बसवून घ्या. मासे पुन्हा आणता येतील, घरातले माणूस आणता येत नाही.