अंतर पाळल्याने साथ खरंच आटोक्यात येते का?

नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळला. पुढे लॉकडाऊन आला, हिंगणा एमआयडीसीतली कामं थांबली, दुकानांपुढे चुन्याची वर्तुळं आखली गेली. ‘एवढं सोसून उपयोग काय झाला?’ हा प्रश्न रुग्ण आजही विचारतात. तो रास्त आहे.

अंतराने नेमकं काय होतं?

सुरुवातीच्या कोरोना विषाणूची लागण एका रुग्णाकडून साधारण दोन ते तीन जणांना होत असे. तीन धरा. पाचव्या फेरीत २४३ नवे रुग्ण होतात. लोकांच्या गाठीभेटी निम्म्या झाल्या, तर एका रुग्णामागे दीड जण बाधित होतात आणि पाचव्या फेरीत जेमतेम आठ! विषाणू तोच, पण खाटा आणि ऑक्सिजन पुरण्याची शक्यता वाढते.

बरं वाटत असतानाही अंतर का?

लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच रुग्ण इतरांना लागण देऊ शकतो. म्हणून फक्त खोकणाऱ्यापासून दूर राहणं पुरत नाही.

परिणाम लगेच का दिसत नाही?

१५ ते २१ मार्च २०२१ या काळात नागपुरात कडक निर्बंध होते, तरी रुग्ण वाढतच होते. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला सरासरी पाच, तर कधी १४ दिवस लागतात. म्हणजे आज सापडणारे रुग्ण आधीच्या आठवड्यातल्या भेटींचे असतात. निर्बंधांचा परिणाम जोखायचा तर किमान दोन आठवडे थांबावं लागतं.

एका खोलीत पाच जण राहत असतील तर?

तिथे सहा फुटांचं अंतर शक्य नाही. शिवाय बंद खोलीत विषाणूचे सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात, त्यामुळे नुसतं अंतर पुरतही नाही. अशा वेळी दारं-खिडक्या उघड्या ठेवा. आजारी व्यक्तीला खिडकीजवळ झोपवा. तिने आणि तिची काळजी घेणाऱ्याने मास्क लावावा. जेवण वेगवेगळ्या वेळी करा.

याची किंमतही मोजावी लागली

भारतात २०१९ मध्ये क्षयरोगाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती सुमारे १८ लाखांवर आली. क्षयरोग एवढा कमी झाला नव्हता. अनेक रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचलेच नाहीत.

म्हणून पुन्हा साथ आली तर गर्दी टाळा, पण उपचार टाळू नका. बीपी, मधुमेह, क्षयरोगाच्या गोळ्या बंद करू नका. बाळाची लस चुकवू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. दम लागणं, छातीत दुखणं किंवा शुद्ध हरपणं यांपैकी काहीही झालं, तर लॉकडाऊन असला तरी ताबडतोब रुग्णालय गाठा.

अंतर माणसांमध्ये ठेवायचं असतं. रुग्ण आणि उपचार यांच्यामध्ये नाही.