औषध कंपन्यांच्या प्रोग्रामरांचं संमेलन आणि आपलं दाखल-खारीज रजिस्टर



बारावी सायन्स झालं की आपल्या जिल्ह्यात दोन-तीनच वाटा सांगितल्या जातात. नीटमध्ये मार्क आले तर एमबीबीएस, नाहीतर बी.फार्म., तेही नाही तर डी.फार्म. करून मेडिकल टाकायचं. पण औषध कंपन्यांमध्ये अशीही माणसं आहेत ज्यांनी एकही गोळी बनवली नाही, एकही पेशंट तपासला नाही, आणि तरी त्यांच्या कामाशिवाय नवीन औषध बाजारात येऊ शकत नाही. त्यांना स्टॅटिस्टिकल प्रोग्रामर म्हणतात. त्यांची संमेलनंही भरतात. अमेरिकेतल्या संमेलनाचं नाव फार्मासग, ते २०२४ मध्ये बाल्टिमोर शहरात झालं. युरोपात सुरू झालेली फ्यूज ही अशीच दुसरी संस्था.

आपली केंद्राची शिक्षण परिषद एका हॉलमध्ये होते आणि सगळे विषय सगळ्यांनाच ऐकावे लागतात. (मराठीवाल्यांनी गणिताचंही ऐकायचं, आणि उलट!) तिथे तसं नसतं. एकाच वेळी वेगवेगळ्या खोल्यांत वेगवेगळ्या विषयांची सत्रं चालतात. प्रत्येक विषयाच्या अशा रांगेला ट्रॅक म्हणतात. कोणते ट्रॅक आहेत हे पाहिलं की हे लोक दिवसभर करतात काय, ते समजतं.

त्याआधी एक उदाहरण घेऊ. कोव्हॅक्सिन लस आपल्यापैकी अनेकांनी घेतली. तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत २५ दवाखान्यांतून २५,७९८ माणसं घेतली होती. नोव्हेंबर २०२० ते जानेवारी २०२१ या काळात त्यांची नोंदणी झाली. निम्म्यांना खरी लस दिली, निम्म्यांना दिसायला तशीच पण लस नसलेली सुई. कोणाला काय दिलं हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि सुई देणाऱ्यालाही नाही. मग लक्षणांसह कोरोना कोणाला झाला ते मोजलं. लस न मिळालेल्या गटात १०६ जण निघाले, लस मिळालेल्या गटात २४. दोन्ही गट जवळपास सारखे, म्हणजे १०६ मधून २४ वजा केले तर ८२ वाचले. १०६ पैकी ८२ म्हणजे साधारण ७७ टक्के. जाहीर झालेला आकडा ७७.८ टक्के होता, कारण कोण किती दिवस निरीक्षणाखाली होतं हेही त्यांनी हिशेबात धरलं. पण मूळ गणित सातवीच्या मुलाला करता येईल असंच आहे.

मग एवढे प्रोग्रामर कशाला लागतात? तर १०६ आणि २४ हे आकडे खरे आहेत हे दाखवायला. दुसरा डोस घेऊन १४ दिवस झाल्यानंतर आजारी पडला असेल तरच तो पेशंट या हिशेबात धरायचा होता. म्हणजे प्रत्येकाच्या दोन तारखा बरोबर हव्यात. आता एका दवाखान्याने ०५/०१/२०२१ असं लिहिलं. ही ५ जानेवारी की १ मे? आपल्याकडे ५ जानेवारी, अमेरिकेत १ मे. एक माणूस इकडचा तिकडे झाला की टक्केवारी हलते.

म्हणून माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा ट्रॅक म्हणजे डेटा स्टँडर्ड्स, माहिती लिहिण्याचे ठरलेले नियम. तारीख लिहायची ती २०२१-०१-०५ अशीच, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. पुरुषाला एम, स्त्रीला एफ, दुसरं काही चालत नाही. पेशंटची मूळ माहिती एका तक्त्यात, रक्ताच्या तपासण्या दुसऱ्या, झालेला त्रास तिसऱ्या तक्त्यात, आणि एकच ओळख क्रमांक सगळीकडे. हे नियम सीडिस्क नावाची संस्था बनवते. १७ डिसेंबर २०१६ नंतर सुरू झालेल्या चाचण्यांची माहिती अशाच साच्यात द्यावी लागेल असं अमेरिकेच्या औषध खात्याने, म्हणजे एफडीएने सांगून ठेवलं आहे.

शिक्षकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. दाखल-खारीज रजिस्टरवर मुलीचं नाव एक, आधारवर दुसरं, आणि ऑनलाइन नोंद करायला बसलं की दोन्ही जुळत नाहीत. जन्मतारखेचं तर विचारूच नका. एक काना-मात्रा चुकला की शिष्यवृत्ती अडते आणि पालक कामधंदा सोडून चकरा मारत बसतात. तिथेही दुखणं हेच आहे, फक्त तिथे शिष्यवृत्तीऐवजी औषधाची मंजुरी अडते.

पेशंटच्या बोलण्याचंही तसंच. आपल्याकडचा पेशंट सांगेल, "डोस्कं दुखून राहिलं." पुण्याचा म्हणेल, "डोकं ठणकतंय." मोजताना दोन्ही एकाच नावाखाली यायला हवेत. त्यासाठी मेड्रा नावाचा वैद्यकीय शब्दकोश आहे, त्यातला ठरलेला शब्दच लावतात. नाहीतर एकच त्रास पाच नावांनी विखुरला जाईल आणि औषधाचा दुष्परिणाम लपून राहील.

सबमिशनचा ट्रॅक म्हणजे ही सगळी फाइल सरकारी खात्याकडे कशी पाठवायची त्याचा. व्हिज्युअलायझेशनचा ट्रॅक म्हणजे आलेख. पाचवीतल्या चित्रालेखाचा मोठा भाऊ. स्टॅटिस्टिक्सच्या सत्रांत गणित जड असतं. पण या व्यवसायातली एक पद्धत मला फार आवडली. महत्त्वाच्या तक्त्यासाठी दोन प्रोग्रामर एकमेकांचं न पाहता वेगवेगळा प्रोग्राम लिहितात, आणि दोघांची उत्तरं तंतोतंत जुळली तरच तक्ता पुढे जातो.

रिअल वर्ल्ड एव्हिडन्स हा ट्रॅक चाचणीबाहेरच्या माहितीचा आहे. औषध बाजारात आल्यावर खऱ्या दवाखान्यांतल्या नोंदींवरून काय दिसतं ते यात पाहतात. अशा नोंदींची किंमत यवतमाळकरांना माहीत आहे. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजूर दवाखान्यात आले, वीसहून जास्त दगावले. फवारणीच्या पंपात कोणकोणतं औषध मिसळलं होतं, किती तास फवारलं, त्रास कधी सुरू झाला, हे केसपेपरवर असेल तरच पुढे कोणी त्यातून काही शोधू शकतं.

आता साधनांबद्दल. या क्षेत्रात वर्षानुवर्षं सॅस हे सॉफ्टवेअर चालत आलं आहे. गंमत म्हणजे त्याचा जन्म अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या विद्यापीठात शेतीच्या प्रयोगांचे आकडे सोडवायला झाला, १९७६ मध्ये त्याची कंपनी झाली आणि औषधवाल्यांनी ते नंतर उचललं. सॅस महाग आहे, पण विद्यार्थ्यांना शिकण्यापुरतं ते ऑनलाइन फुकट वापरता येतं. आर ही दुसरी भाषा सगळ्यांनाच मोफत आहे. २०२१ मध्ये फक्त आर वापरून तयार केलेली फाइल नमुना म्हणून एफडीएकडे पाठवली गेली. तेव्हापासून संमेलनांत आरची सत्रं वाढत चालली आहेत.

पालकांनी एक लक्षात घ्या. या कामासाठी बी.फार्म. झालेलेही घेतात, पण सांख्यिकी घेऊन बीएस्सी, एमएस्सी केलेल्यांना ही वाट सरळ आहे. आपल्या अमरावती विद्यापीठात सांख्यिकीचा पदव्युत्तर विभाग आहे. सॅसचं संशोधन केंद्र पुण्यात आहे. सायरस मेहता आणि नितीन पटेल या दोन भारतीय संख्याशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये अमेरिकेत काढलेल्या सायटेल कंपनीचंही पुण्यात मोठं ऑफिस आहे. घरापासून लांब आहे, इंग्रजी लिहिता-वाचता यावं लागतं, हेही खरं. पण नीटमध्ये दोन वेळा अडकलेल्या मुलीला तिसऱ्यांदा बसवण्याआधी हा विषय घरात निघायला काय हरकत आहे?

शेवटी क्विक टिप्सबद्दल. या ट्रॅकमध्ये दहा-वीस मिनिटांत कामाची एकच युक्ती सांगून मोकळं व्हायचं असतं. एक नमुना देते. परीक्षेला न आलेल्या मुलासमोर आपण गै.ह. लिहितो, शून्य लिहीत नाही. सॅसमध्ये माहिती नसलेल्या आकड्याच्या जागी टिंब येतं, पण तुलना करताना सॅस त्या टिंबाला सगळ्यात लहान संख्या समजतं. म्हणून "१८ पेक्षा कमी वयाचे दाखव" म्हटलं की ज्यांचं वयच लिहिलेलं नाही तेही त्या यादीत येतात. नवीन प्रोग्रामर इथेच फसतात. पाचवीच्या वर्गात हे करून पाहा: दहा मुलांचे गुण फळ्यावर लिहा, दोघांपुढे गै.ह., आणि सरासरी काढायला सांगा. कोण दहाने भागतं आणि कोण आठने, आणि का, यावर अख्खा तास जातो.