विश्लेषण : व्हीलचेअरवरची सांघिक तिरंदाजी कशी खेळतात? हांगझोच्या पदकानंतर अडलं कुठे?

कोल्हापूर : पॅरिस पॅरालिम्पिक, २ सप्टेंबर २०२४. शीतल देवी आणि व्हीलचेअरवरून खेळणारे राकेश कुमार यांनी इटलीच्या जोडीला १५६-१५५ असं हरवून कांस्यपदक जिंकलं. कमाल गुण १६०, फरक एका गुणाचा. त्याआधी उपांत्य फेरीत इराणविरुद्ध १५२-१५२ अशी बरोबरी झाली आणि सामना शूट-ऑफमध्ये निसटला होता.

सामना कसा चालतो?

संघात दोघं. चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोघांचे मिळून ४ बाण आणि त्यासाठी ८० सेकंद. उभ्याने खेळणारे तिरंदाज आळीपाळीने रेषेवर येतात. खुर्चीची अशी ये-जा करायला वेळ कुठला? म्हणून व्हीलचेअर रेषेवरच राहते. आपले बाण सोडून झाले की खेळाडू हात वर करतो, मग जोडीदाराची पाळी. घड्याळ मात्र दोघांचं एकच. एकाने वेळ खाल्ला की घाई दुसऱ्याच्या वाट्याला.

या खेळाची सुरुवातही संघांनीच झाली. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनादिवशीच, डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडच्या स्टोक मँडेविल रुग्णालयात व्हीलचेअरवरच्या १६ स्त्री-पुरुषांची तिरंदाजी भरवली. पॅरालिम्पिकचं मूळ तेच.

'डब्ल्यू-१' म्हणजे काय?

व्हीलचेअर आहे म्हणून कोणी आपोआप या गटात येत नाही. पायांबरोबर हातांची ताकदही कमी झालेल्यांसाठी 'डब्ल्यू-१' असतो. पाय गेले पण हात धडधाकट आहेत, तर 'ओपन' गट. शीतल-राकेश 'ओपन'मधले.

डब्ल्यू-१चं लक्ष्य ५० मीटरवर. शाहू स्टेडियमवर गोलपोस्टपासून मध्यरेषेपर्यंत असतं साधारण तेवढं. त्यातलं १० गुणांचं वर्तुळ जेमतेम ८ सेंटिमीटरचं. धनुष्याचा ताण ४५ पौंडांपर्यंतच, म्हणजे सुमारे २० किलो. भिंगाची दुर्बीणही चालत नाही.

महाराष्ट्राचं पदक, पण पुढे?

भिवंडीचे आदिल अन्सारी आणि नवीन दलाल यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत डब्ल्यू-१ पुरुष दुहेरीत कांस्यपदक मिळवलं. गोम इथेच आहे. पॅरिसमध्ये पुरुष दुहेरी हा प्रकारच नव्हता! तिथे वैयक्तिक स्पर्धा, नाहीतर एक पुरुष आणि एक महिला अशी मिश्र जोडी. भारताचे सहा तिरंदाज पॅरिसला गेले, त्यांत डब्ल्यू-१चा एकही नव्हता.

कोल्हापुरात व्हीलचेअर म्हटलं की नसीमादीदी हुरजूक आणि त्यांनी १९८४ मध्ये उभी केलेली 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' आठवते. कोल्हापूरचेच स्वरूप उन्हाळकर टोकियो पॅरालिम्पिकमध्ये १० मीटर एअर रायफलमध्ये चौथे आले. पण नेमबाजीत एकट्याने सराव करून तिथवर पोहोचता येतं. डब्ल्यू-१च्या मिश्र जोडीसाठी ५० मीटरची सपाट, चाकं न रुतणारी जागा लागेल. हातांची ताकद कमी असलेल्या खेळाडूला धनुष्य बेतून देणारा प्रशिक्षक लागेल. आणि एक महिला तिरंदाज, जी अजून कुठल्यातरी घरात, पाठीच्या कण्याच्या दुखापतीनंतर 'आता खेळ कसला' हे ऐकत बसली असेल.