साखर, किडनी आणि झाडपाला

“शुगर आहे ना? मग कारल्याचा रस प्या, जांभळाच्या बियांची पूड घ्या, किडनी साफ राहील.” असा सल्ला आपल्या वस्तीत घरोघरी मिळतो. त्यात खरे किती, ते आपण पाहू.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की किडनीतील बारीक गाळण्या खराब होतात आणि लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाऊ लागते. तेव्हा काहीच दुखत नाही. पायांवर सूज दिसेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते.

हळदीतील कर्क्युमिन, कांद्यातील क्वेर्सेटिन यांमुळे उंदरांच्या किडनीची हानी कमी झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. माणसांवरचे अभ्यास मात्र लहान आहेत. त्यांतून डायलिसिस टळते असे सिद्ध झालेले नाही. भाजीत हळद-कांदा जरूर घाला, पण त्यांना औषध समजू नका.

झाडापासून औषध मिळतच नाही, असेही नाही. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन हा पदार्थ सापडला. त्याने लघवीवाटे साखर बाहेर पडते, हे जर्मन डॉक्टर फॉन मेरिंग यांनी १८८६ साली दाखवले. पण तो पोटातून नीट शोषला जात नव्हता. म्हणून त्याच धर्तीवर पुढे प्रयोगशाळेत गोळ्या तयार झाल्या. डापाग्लिफ्लोझिन ही त्यांतलीच. किडनीच्या ४,३०४ रुग्णांवरील तिची चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. त्यांतील दोन-तृतीयांश मधुमेही होते. नकली गोळी घेणाऱ्या १०० पैकी १४-१५ जणांची किडनी खूप बिघडली किंवा किडनी-हृदयाच्या विकाराने मृत्यू झाला. खरी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ९ होते. सफरचंदाची साल खाऊन हा गुण येत नाही. गोळीही सर्वांना चालत नाही. डॉक्टरांनी दिली तरच घ्यावी.

आपल्या हाती आहे ते हे:

• शुगर असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासावे.

• बीपी आटोक्यात ठेवावे. दिवसाला मीठ एका लहान चमच्याहून कमी. लोणचे-पापडातले मीठही त्यातच मोजावे.

• अंगदुखीवर दुकानातून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणून वारंवार घेऊ नये. त्यांनी किडनीला इजा होते.

• घटक न लिहिलेल्या पुड्या, भस्मे घेऊ नयेत. काहींत शिसे, पारा सापडला आहे.

• रस-काढा चालू असेल तर डॉक्टरांना सांगावे, आणि चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

घरात कुणाला शुगर असेल, तर शेवटची लघवी तपासणी कधी झाली, हे आजच विचारा.